गेममधल्या सगळ्या सामानाला एकच टेक्स्चर ॲटलस कसा लावायचा

खोकी, पिंपं, टेबलं, कंदील असलं सामान बनवायला घेतलं की प्रत्येकाला वेगळं टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची इमेज) आणि वेगळं मटेरियल (पृष्ठभाग कसा दिसेल याची मांडणी) देत जायची सवय पटकन लागते, आणि मग सीनमध्ये तीस प्रकारच्या वस्तू ठेवल्या की तीस मटेरियल होतात. प्रोसेसरला दर फ्रेमला ग्राफिक्स चिपला एकेक करून सांगावं लागतं की आता हे मटेरियल घे आणि ही वस्तू काढ, यातल्या प्रत्येक "काढ"ला ड्रॉ कॉल म्हणतात आणि मोबाइलवर गेम अडखळायला लागतो तो बऱ्याचदा यामुळेच. ॲटलस म्हणजे या सगळ्या वस्तूंचे रंग एकाच मोठ्या इमेजवर शेजारी शेजारी बसवायचे, मटेरियल एकच ठेवायचं आणि प्रत्येक मॉडेलचे यूव्ही, म्हणजे मॉडेलचा कुठला भाग इमेजच्या कुठल्या जागेवरून रंग घेणार ते सांगणारे बिंदू, आपापल्या तुकड्यावर नेऊन ठेवायचे. एक मात्र लक्षात ठेवा, नुसता ॲटलस केला म्हणून ड्रॉ कॉल कमी होत नाहीत, मटेरियल एक झाल्यामुळे गेम इंजिनला त्या वस्तू एकत्र बांधून काढता येतात म्हणून ते कमी होतात.

आता माझं ठाम मत सांगतो. ॲटलस बिघडतो तो आखणीत. सगळे मॉडेल आधी अनरॅप करायचे, म्हणजे उलगडून सपाट करायचे, आणि शेवटी त्या सपाट तुकड्यांना (आयलंड) आपोआप मांडणारं पॅक आयलंड्सचं बटण दाबून जे येईल ते घ्यायचं, असं करू नका. शिंपी आधी कापड बेततो आणि मगच कात्री लावतो, तसंच इथेही आधी हिशोब करायचा.

हिशोब सोपा आहे. आधी ठरवा की गेममधल्या एका मीटरला किती पिक्सेल द्यायचे, यालाच टेक्सेल डेन्सिटी म्हणतात. समजा मीटरला ५१२ पिक्सेल ठरवले आणि ॲटलस २०४८ बाय २०४८ चा आहे, तर त्यावर ४ मीटर बाय ४ मीटर म्हणजे १६ चौरस मीटर पृष्ठभाग मावतो, त्याहून जास्त नाही. एक मीटरच्या खोक्याच्या सहाही बाजू वेगळ्या मांडल्या तर ६ चौरस मीटर एकट्या खोक्यातच गेले! तेच सहाही बाजूंचे यूव्ही एकावर एक ठेवले तर १ चौरस मीटरमध्ये काम होतं आणि खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून वस्तूंची यादी करा, कुठे काय एकावर एक ठेवता येईल ते बघा आणि कागदावर चौकोन आखून कोणाला किती जागा ते लिहा. थोडी जागा मोकळी सोडा, कारण पुढे एखादी वस्तू वाढतेच.

यादी करताना एकाच ठिकाणी दिसणाऱ्या वस्तूच एकत्र घ्या. तळघरातलं पिंप आणि जहाजावरचा नांगर एका ॲटलसवर ठेवलात तर नुसतं पिंप दाखवायलाही अख्खी इमेज मेमरीत येणार. २०४८ ची इमेज कॉम्प्रेस न करता १६ एमबी होते, मिपमॅप म्हणजे तिच्या लहान प्रती धरल्या तर २१ च्या वर, आणि ४०९६ ची याच्या चौपट.

ज्या गोष्टींवर टेक्स्चर रिपीट व्हायला पाहिजे, उदाहरणार्थ लांबलचक भिंत किंवा जमीन, त्या ॲटलसवर घेऊच नका. यूव्ही आपल्या चौकोनाबाहेर गेले की शेजारच्या वस्तूचं चित्र दिसायला लागतं. चौकट, पट्टी, कठडा असं एकाच दिशेने लांब जाणारं काही असेल तर इमेजच्या पूर्ण रुंदीची एक आडवी पट्टी राखून ठेवा, त्या दिशेने ती रिपीट करता येते.

आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. सगळ्या वस्तू निवडून कंट्रोल ए दाबून स्केल अप्लाय करा, हे राहिलं तर अनरॅप वेडावाकडा येतो आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. मग सगळ्या निवडलेल्या असतानाच टॅब दाबा म्हणजे सगळ्या एकदम एडिट मोडमध्ये येतात, सीम मारा, म्हणजे कुठून कापायचं त्या कडांवर खूण करा, यू दाबून अनरॅप करा आणि यूव्ही एडिटरमध्ये ॲव्हरेज आयलंड्स स्केल चालवा, त्याने सगळ्यांची टेक्सेल डेन्सिटी सारखी होते. त्यानंतर आखणीप्रमाणे एकेक आयलंड जागेवर ठेवा. चेहऱ्यासमोर येणारी वस्तू थोडी मोठी केली, टेबलाची खालची बाजू बारीक केली तर चालतं, पण लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जायला हव्यात त्या दिशेनेच आयलंड फिरवा आणि कडा शक्यतो सरळ ठेवा.

दोन आयलंडमध्ये अंतर सोडणं, म्हणजे पॅडिंग, यात कंजुषी नको. लांबून बघताना इंजिन इमेजच्या लहान लहान प्रती वापरतं, त्या मिपमॅप, आणि प्रत्येक पायरीला अंतर निम्मं होतं. २०४८ ला १६ पिक्सेल सोडले असतील तर १०२४ ला ८, ५१२ ला ४, २५६ ला २ आणि १२८ ला १ उरतो, त्यापुढे शेजारचा रंग आत झिरपतो. नुसती रिकामी जागा सोडूनही भागत नाही, कडेचा रंगच त्या जागेत पसरवायला लागतो. शिवाय कॉम्प्रेशन बऱ्याचदा ४ बाय ४ पिक्सेलच्या ठोकळ्यांनी होतं, त्यामुळे चौकोनांच्या सीमा ४ च्या पटीत ठेवल्या की एका ठोकळ्यात दोन वस्तूंचे रंग येत नाहीत.

मॉडेलना आधीपासून वेगवेगळी टेक्स्चर असतील तर हातानं रंगवायची गरज नाही, बेक करता येतं, म्हणजे जुन्या टेक्स्चरचे रंग ब्लेंडरच नव्या इमेजवर उतरवून देतं. प्रत्येक मॉडेलला दुसरा यूव्ही मॅप जोडा आणि ॲटलसची मांडणी त्यात करा, कॅमेऱ्याचं चिन्ह जुन्या मॅपवरच राहू द्या पण निवडलेला मॅप नवीन हवा. मटेरियलमध्ये ॲटलसच्या रिकाम्या इमेजचा नोड टाका, कुठेही न जोडता नुसता निवडून ठेवा. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररवर या, डिफ्यूज बेक घ्या, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट (प्रकाशाचा परिणाम) बंद करून फक्त कलर ठेवा, मार्जिन १६ द्या. वस्तू एकेक करून बेक करत असाल तर क्लिअर इमेज बंद करा, नाहीतर आधीचं सगळं पुसलं जातं. धातूच्या वस्तू अशा बेकमध्ये काळ्या येतात, तिथे रंग एमिशनला (स्वतः उजळण्याच्या गुणाला) जोडून एमिट बेक करायचं. बेक झालं की इमेज लगेच सेव्ह करा, ती आपोआप सेव्ह होत नाही. आणि शेवटी जुना यूव्ही मॅप काढून टाका, कारण गेम इंजिन यादीतला पहिला मॅप धरतं.

नॉर्मल मॅप (खाचाखोचांचा भास देणारी इमेज) बेक करताना एकावर एक ठेवलेल्या आयलंडपैकी एकच जागेवर ठेवून बाकीचे बरोबर १ युनिट बाजूला सरकवा आणि तसेच राहू द्या, टेक्स्चर रिपीट होत असल्याने दिसताना फरक पडत नाही. रंगाची इमेज एसआरजीबी या रंगपद्धतीत ठेवा, पण नॉर्मल आणि रफनेसची (खरखरीतपणाची) नाही. जीएलटीएफ हा मॉडेलचा फाइल फॉरमॅट वापरणार असाल तर ऑक्लूजन (कोपऱ्यांतली सावली) लाल, रफनेस हिरव्या आणि मेटॅलिक (धातूपणा) निळ्या चॅनेलमध्ये टाकून तीन इमेजचं काम एकीत होतं.

लो पॉली, म्हणजे कमी पृष्ठांच्या साध्या मॉडेलच्या, स्टाइलचा गेम असेल तर यातलं बरंचसं टळतं. रंगांच्या चौकटींची एक छोटी इमेज घ्या, प्रत्येक भागाचे यूव्ही शून्यापर्यंत लहान करून हव्या त्या रंगाच्या मधोमध ठेवा, इंजिनमध्ये फिल्टर पॉइंट करा (म्हणजे शेजारचे रंग मिसळत नाहीत) आणि मिपमॅप, कॉम्प्रेशन दोन्ही बंद. झालं.

मग सगळ्यांना तेच एक मटेरियल लावून एक्सपोर्ट करा. युनिटी या गेम इंजिनमध्ये न हलणाऱ्या वस्तूंना स्टॅटिकची खूण करा आणि फ्रेम डीबगरमध्ये त्या खरंच एकत्र काढल्या जातायत का ते बघा. नंतर कॅमेरा हळूहळू मागे न्या आणि कडांवर लक्ष ठेवा. लांब गेल्यावरच रेघ उमटत असेल तर पॅडिंग कमी पडलंय, जवळूनही दिसत असेल तर आधी यूव्ही चौकोनाबाहेर गेलेत का ते तपासा आणि ते बरोबर असतील तर थोडा वेळ कॉम्प्रेशन बंद करून बघा.