‘दोनदाच वापरलाय’ म्हणून जुना स्कूबा सेट घेताय? या चुका टाळा

कोल्हापूरहून मालवण-तारकर्ली दीडशे किलोमीटरच्या आसपास. गगनबावड्याने नाहीतर फोंडा घाटाने शनिवारी पहाटे उतरायचं, रविवारी रात्री घरी. ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) करून अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की स्वतःचा सेट घ्यायची हुक्की येते. मग कुणीतरी सुचवतं: दोनदाच वापरलाय, निम्म्या किमतीत देतोय, घेऊन टाक.

कमी वापर म्हणजे चांगला माल, हे इथं चालत नाही. रेग्युलेटर सिलिंडरच्या हवेचा दाब कमी करून ती तोंडापर्यंत आणतो: सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज, तोंडात धरायचा तो सेकंड स्टेज. या सेकंड स्टेजमध्ये हवेची वाट बंद करणारी एक मऊ सीट असते. ती स्प्रिंगच्या जोराने ओरिफिसच्या (हवा येण्याच्या भोकाच्या) कडेवर टेकलेली असते. सिलिंडर जोडला की हवेचा दाब स्प्रिंगला उलट रेटतो आणि सीटवरचा भार हलका होतो. पण सेट पाच वर्षं माळ्यावर पडला असेल तर भार पाच वर्षं तसाच. सीटवर कडेचा गोल चर उमटतो आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडताच माउथपीसमधून हवा सू-सू गळायला लागते. ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) आणि होज (हवेच्या नळ्या) हेही वापर नसताना वाळतातच. दरवर्षी सर्व्हिस होऊन दोनशे डाइव्ह झालेला सेट याहून कितीतरी बरा. म्हणून ‘किती वापरला?’ याच्या आधी ‘शेवटची सर्व्हिस कधी, आणि पावती आहे का?’ हे विचारा.

दुसरी चूक हिशेबातली. समजा, जुन्या रेग्युलेटरचे 16,000 सांगितले. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि ऑक्टो (अडचणीसाठीचा जादा सेकंड स्टेज), तिन्हीला वेगळं सर्व्हिस किट लागतं. मजुरीसकट 9,000 धरा. दोन होज बदलावे लागले तर 5,000. स्कूबाचा सेट खोलणारा अधिकृत तंत्रज्ञ गावात नसेल तर पार्सल पाठवायचं-आणायचं, 1,000. झाले 31,000. तसाच नवा सेट वॉरंटीसह 38,000 ला मिळत असेल, तर 7,000 वाचवायला एवढा उपद्व्याप कशाला? हे आकडे हिशेबाची रीत दाखवायला घेतलेत. तुमच्या मॉडेलचे खरे आकडे तंत्रज्ञाकडूनच घ्या, आणि घ्यायच्या आधी घ्या. आमचा अंदाज सरळ आहे: सर्व्हिससकट खर्च नव्याच्या दोन-तृतीयांशावर गेला की जुनं सोडून द्यावं. मॉडेल बंद होऊन किटच मिळेनासं झालं असेल, तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

इथं कोल्हापूरकराला एक खास मोह होतो. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत काय दुरुस्त होत नाही? लेथ आहे, हातात कसब आहे, ओ-रिंग तर टपरीवर मिळते. अडचण अशी की ओ-रिंग मापाने सारखी दिसली तरी तिचा कडकपणा वेगळा असतो. सिलिंडरच्या दाबाच्या बाजूला बहुतेकदा 90 शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) रिंग लागते, तिथं साधी 70 ची बसवली तर 200 बारला ती फटीत ढकलली जाऊन फाटू शकते. वर गाडीचं ग्रीस लावलं की काही रबर फुगतात. फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचं मधलं (इंटरमीजिएट) प्रेशर जुळवायला गेज आणि त्या मॉडेलचे आकडे लागतात. कानाने नाही जमत.

पैसे देण्याआधी सेट हातात घेऊन एवढं तरी बघा. फर्स्ट स्टेजच्या तोंडातला जाळीचा फिल्टर हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलंय. तांबूस असेल तर गंजलेल्या लोखंडी सिलिंडरची धूळ, काळसर असेल तर कॉम्प्रेसरचं तेल किंवा कार्बन. असा सेट तिथंच ठेवा. होजच्या टोकांवरची रबरी टोपणं मागे सरकवून होज वाकवा. भेगा असल्या तर त्या तिथंच लपलेल्या सापडतात. मग सिलिंडर न जोडता फर्स्ट स्टेजचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि माउथपीसमधून हळूच श्वास ओढा. काहीच यायला नको. थोडीही हवा आली तर सेकंड स्टेजचा डायफ्रॅम (रबरी पडदा) किंवा श्वास बाहेर सोडायचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह फाटलाय, नाहीतर कुठेतरी जोड सैल आहे. पाण्याखाली तिथूनच तोंडात पाणी येतं.

सिलिंडर मिळाला की बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटच्या) होजला इंटरमीजिएट प्रेशरचा गेज लावा. बहुतेक रेग्युलेटरला काटा 9 ते 10 बारच्या दरम्यान थांबतो. सेकंड स्टेजवरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण चार-पाचदा दाबून सोडा. काटा खाली जाऊन परत वर येऊन ठाम उभा राहिला तर ठीक. मिनिटभर हळूहळू वर सरकत राहिला तर फर्स्ट स्टेजमधली हाय-प्रेशर सीट गेली. विकणारा ‘एवढं चालतंय’ म्हणेल. पुढे हाच दाब सेकंड स्टेज उघडून फ्री-फ्लो करतो, म्हणजे हवा आपोआप सुटत राहते. क्लॅम्पही बघा: आपल्याकडच्या बहुतेक सेंटरवर योक (वरून कसायच्या क्लॅम्पच्या) पद्धतीचे सिलिंडर असतात, सेट डिन (आट्यांनी बसणारा) असेल तर अडॅप्टरचा खर्च धरा.

बीसीडी तोंडाने गच्च फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली तर डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायचा व्हॉल्व्ह) आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरायचं) बटण दाबून सोडल्यावर जरा जरी अडकत असेल तर सर्व्हिस झाल्याशिवाय पाण्यात उतरू नका. अडकलेलं बटण तुम्हाला फुग्यासारखं वर नेतं, आणि झपाट्याने वर येताना कुणी श्वास रोखला तर फुफ्फुस फाटू शकतं.

वेटसूट, फिन आणि शिशाची वजनं जुनी खुशाल घ्या. कोकणच्या कोमट पाण्याला 3 मिलिमीटरचा सूट पुरतो; अंगठ्याने दाबून बघा, निओप्रीन (सूटचं फोमसारखं रबर) लगेच वर आलं पाहिजे. मास्क मात्र स्वतःच्या चेहऱ्यावर बसवूनच घ्यायचा, चप्पल लाईनीत चप्पल पायात घालून बघतो तसा. पट्टा न लावता मास्क टेकवा, नाकाने श्वास ओढा, हात सोडा; पडला नाही तर तुमचा. नव्या मास्कवर धुकं धरतं तो दोष नव्हे. काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा आतून घासला की जातो.

डाइव्ह कॉम्प्युटरच्या (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीच्या खाचेत हिरवे-पांढरे डाग असतील तर किमतीची घासाघीसही करू नका.

राहता राहिला सिलिंडर. जुना नको आणि नवाही नको. त्याला ठरावीक मुदतीत हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. 6351 मिश्रधातूच्या जुन्या अॅल्युमिनियम सिलिंडरांच्या मानेला चिरा गेल्याचे प्रकार झालेत. आणि भरणार कुठं? पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर 8-10 बारचा, त्यात तेलाची वाफ. ऑक्सिजन भरून आणण्याचा विचार तर मनातही आणू नका: शुद्ध ऑक्सिजनने 6 मीटरच्या खाली झटके येऊ शकतात. सिलिंडर मालवणातच भाड्याने घ्या.

सेट घेतलाच, तर जूनच्या आधी बीसीडीच्या आतून गोडं पाणी फिरवा, उलटी करून निथळा आणि अर्धवट फुगवून टांगा. दुमडून माळ्यावर टाकली तर पावसाळ्यात आत बुरशी धरते, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत इन्फ्लेटरमधून तिचाच वास येतो.