कातडीवर घट्ट बसलेला गोंद काढताना

बोटांवर वाळलेला गोंद नखाने खरवडायला घेण्याआधी तो कोणत्या प्रकारचा आहे हे ट्यूबवर किंवा बाटलीवर वाचून घ्यावे, कारण एका गोंदावर चालणारा उपाय दुसऱ्यावर निरुपयोगी ठरतो आणि तिसऱ्यावर चक्क अपाय करतो. कागदकामात आणि लाकूडकामात वापरला जाणारा पांढरा गोंद सर्वांत निरुपद्रवी असतो. हात कोमट पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवले की तो मऊ पडतो आणि साबणाने चोळताच त्याचे पापुद्रे निघतात. रबरयुक्त चिकट गोंदाला थोडे तेल लावून बोटांनी चोळत राहिल्यास त्याच्या वळ्या होऊन तो सुटतो.

खरा त्रास देतो तो सुपरग्लू. हवेतील आणि कातडीवरील ओलाव्यामुळेच तो घट्ट होतो आणि कातडी कधीच पूर्ण कोरडी नसल्याने तो काही सेकंदांत पकड घेतो. दोन बोटे एकमेकांना चिकटली तर ती हिसका देऊन ओढू नयेत, कारण अशा वेळी गोंदाऐवजी कातडीच फाटते. हात साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावा आणि कडा पांढुरकी होऊन सैल पडू लागली की चमच्याचा गोल दांडा त्या फटीत हलकेच फिरवत बोटे एका बाजूने सोलल्यासारखी सोडवावीत. नुसताच थर बसला असेल तर भिजवल्यानंतर वज्रीने अगदी हलक्या हाताने घासणे पुरते.

एवढ्याने भागले नाही तरच अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरकडे वळावे. अ‍ॅसिटोन नसलेल्या रिमूव्हरचा येथे फारसा उपयोग होत नाही, म्हणून बाटलीवरील घटक पाहूनच ती निवडावी. कापसाचा बोळा त्यात भिजवून डागाच्या कडेवर टेकवून धरावा, गोंद मऊ झाला की पुसून घ्यावा आणि लगेच साबणाने हात धुऊन मलम किंवा तेल लावावे, कारण अ‍ॅसिटोन कातडीतील स्निग्धता शोषून ती कोरडी करतो. तो झटकन पेट घेतो, त्यामुळे जवळपास शेगडी, मेणबत्ती किंवा निरांजन नसावे आणि खिडकी उघडी असावी. जखमेवर, ओठांवर किंवा डोळ्यांजवळ तो मुळीच लावू नये. उलट, सांडलेला ओला सुपरग्लू कापसाने किंवा सुती फडक्याने टिपणे टाळावे. सुती धाग्यांशी त्याची प्रक्रिया इतकी उष्णता निर्माण करू शकते की हात भाजतो. माझ्या मते उरलेल्या लहानसहान डागांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण कातडीचा वरचा थर झडत असतोच आणि काही दिवसांत त्याच्याबरोबर गोंदही गळून पडतो.

ओठ चिकटले तर कोमट पाणी लावत राहावे आणि आतून लाळेने ते ओले होऊ द्यावेत. पापण्या चिकटल्यास त्या बळेच उघडू नयेत, कोमट पाण्याने धुऊन वर ओले स्वच्छ कापड ठेवावे आणि डॉक्टरांकडे जावे.

ग्लू गनच्या गोंदाची गोष्ट वेगळी आहे. कमी तापमानाच्या गनमधूनही सुमारे 120 अंश सेल्सिअसचा गोंद बाहेर पडतो, म्हणजे येथे आधी भाजल्याचा उपचार करायचा असतो. तो भाग सुमारे 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा, बर्फ लावू नये. गोंद थंड झाल्यावर सहज सुटला तर ठीक, पण खाली फोड दिसत असेल किंवा गोंद कातडीला घट्ट धरून असेल तर तो डॉक्टरांनीच काढावा.

दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून तयार होणाऱ्या इपॉक्सीच्या बाबतीत बहुतेकांची चूक उलट्या दिशेने होते: ओला इपॉक्सी दिसताच ते थिनर किंवा अ‍ॅसिटोन ओततात. असे द्रावक न घट्ट झालेले इपॉक्सी कातडीत आणखी आत नेऊ शकते, म्हणून ते आधी कोरड्या कागदाने टिपून मग भरपूर साबण आणि पाण्याने धुवावे. वाळलेला थर भिजवून, तेल लावून थोडा थोडा सोलावा. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी वारंवारच्या स्पर्शातून हळूहळू जडते आणि एकदा जडली की सहसा जात नाही. त्यामुळे काम केल्यावर बोटांच्या बेचक्यांत किंवा मनगटावर खाज आणि लाल चट्टे उठू लागले, तर ते काम थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.