केबल चॅनेलचं लाइव्ह: रेघा आणि मागे पडणारा आवाज

सोलापुरात गड्डा यात्रेच्या मिरवणुकीचं नेटवर लाइव्ह दाखवताना नंदीध्वज हलले की त्यांच्या कडा कंगव्यासारख्या फाटायच्या. नेटचा यात काही दोष नव्हता. स्टुडिओचा सिग्नल ५७६आय, म्हणजे इंटरलेस्ड: चित्राच्या एकाआड एक रेघा दोन हप्त्यांत येतात, प्रत्येक हप्ता म्हणजे एक फील्ड. मोबाइलचा स्क्रीन प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अख्खं चित्र एकदम दाखवणारा. ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर कार्डाच्या (सिग्नल संगणकात घेणाऱ्या कार्डाच्या) सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंग, म्हणजे रेघा जुळवण्याची पद्धत, 'यादिफ २एक्स' केली, फील्ड ऑर्डर (कोणतं फील्ड आधी) 'टॉप' ठेवली, आउटपुट सेकंदाला ५० फ्रेम. ३० फ्रेम ठेवलीत तर पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) चित्र धक्के खातं. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला ५० फील्डचा आहे, हे बरेच जण विसरतात.

७२०पी चित्रासाठी सीबीआर (एकसारखा डेटा-वेग) ४००० केबीपीएस, कीफ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर २ सेकंदांनी. कीफ्रेम 'ऑटो'वर सोडू नका. सर्व्हर कीफ्रेमवरच व्हिडिओचे तुकडे पाडतो, अंतर वाढलं की प्रेक्षकाकडे चक्र फिरत बसतं. अपलोड किमान ८ एमबीपीएस हवा, तोही लॅन केबलवर. गर्दीत वायफाय, मोबाइल डेटा दोन्ही बेभरवशाचे.

तासाभरानं आवाज मागे पडत असेल तर मिक्सर, विंडोज आणि ओबीएस तिन्हीकडे आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) ४८ किलोहर्ट्झ आहे का पाहा. एक जरी ४४.१ वर राहिलं, तरी गडबड होऊ शकते.