संगीत नाटकांची सुरुवातीची दूरचित्रवाणी रूपे कशी पाहावीत : खान्देशातील नाट्यमंडळांसाठी

जळगाव, धुळे, अमळनेर किंवा भुसावळ येथील हौशी मंडळाने संगीत नाटक चित्रित करण्याचे मनावर घेतले असेल, तर त्याने १९५०च्या दशकात अमेरिकेत रंगमंचावरील संगीत नाटके दूरचित्रवाणीवर कशी आणली गेली, हे आधी बारकाईने पाहावे. बालगंधर्वांचे गायनाचे पहिले शिक्षण जळगावात झाले. या भागातील रसिकांचा कान तयार आहे. पडद्यावरचे गाणे डोळ्यांनी वाचण्याची सवय मात्र मुद्दाम करावी लागते.

प्रथम नाटकांची निवड करावी. माझ्या मते आरंभ ‘किस मी, केट’पासून करावा. १९४८मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यकेंद्रात आलेले हे नाटक १९५८मध्ये एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीवर सादर झाले, तेव्हा आल्फ्रेड ड्रेक आणि पॅट्रिशिया मॉरिसन हे मूळ संचातील प्रमुख कलावंतच त्यात होते. नाटक मात्र जाहिरातींसह दीड तासाच्या वेळेत बसवावे लागले. त्यानंतर ७ मार्च १९५५ रोजी थेट प्रसारित झालेले, मेरी मार्टिन यांनी पीटरची भूमिका केलेले ‘पीटर पॅन’ पाहावे आणि ‘सिंड्रेला’ शेवटी ठेवावे. ३१ मार्च १९५७चे हे ज्युली अँड्र्यूज नायिका असलेले सादरीकरण मुळात दूरचित्रवाणीसाठीच लिहिले गेले होते आणि रंगमंचावर नंतर गेले, त्यामुळे तुलनेसाठी ते फार उपयोगी पडते.

चित्र धूसर दिसले म्हणून दिग्दर्शकाला दोष देऊ नये. ‘पीटर पॅन’ आणि ‘सिंड्रेला’ ही दोन्ही सादरीकरणे रंगीत प्रसारित झाली होती, पण आज ती किनेस्कोपवरच्या कृष्णधवल रूपात पाहावी लागतात. किनेस्कोप म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उमटणारे चित्र फिल्म कॅमेऱ्याने टिपून केलेली नोंद. प्रसारणात सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) असत, तर फिल्मवर २४. त्यामुळे हालचालीतील काही भाग गळतो आणि प्रकाशछायांचे सूक्ष्म भेदही हरवतात. चित्रफितीचे (व्हिडिओटेपचे) तंत्र १९५६मध्ये आले आणि ‘पीटर पॅन’ १९६०मध्ये रंगीत चित्रफितीवर पुन्हा ध्वनिचित्रमुद्रित झाले. दोन्ही आवृत्त्यांतील एकच प्रवेश लागोपाठ पाहिला, तर नोंदीचा दोष कोणता आणि दिग्दर्शनाची निवड कोणती, हे स्पष्ट होते.

यानंतर मूळ संहिता समोर ठेवून कोणते संवाद गाळले, कोणत्या गाण्याचे कडवे कमी केले आणि कोणते गाणे पूर्ण ठेवले, याची नोंद करावी. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण संक्षेप करणाऱ्याने नाटकाचा कणा कशाला मानले, हे त्यातूनच कळते.

प्रत्येक महत्त्वाचे गाणे दोनदा पाहावे : एकदा आवाज बंद करून कॅमेरा कधी जवळ जातो, कधी दूर होतो आणि तो बदल तालाच्या कोणत्या जागी होतो हे टिपावे, दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकावे. ‘सिंड्रेला’मधील कोपऱ्यातल्या खुर्चीवर एकट्या बसलेल्या नायिकेचे गाणे या अभ्यासासाठी घ्यावे. तेथे गायिकेला शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोहोचवायचा नाही, त्यामुळे चेहऱ्यावरचा लहानसा बदलही पुरतो.

सर्वाधिक वेळ मात्र ‘पीटर पॅन’मधील टिंकर बेलच्या प्रसंगाला द्यावा. मरणासन्न परीला वाचवण्यासाठी पीटर प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगतो. नाट्यगृहात ते उत्तर तत्काळ मिळते. दूरचित्रवाणीवर मेरी मार्टिन थेट कॅमेऱ्यात पाहून, घराघरांत बसलेल्या आणि त्यांना न दिसणाऱ्या मुलांना विनवतात. आपल्या संगीत नाटकापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. ‘संगीत सौभद्र’ नांदीने आणि सूत्रधाराच्या प्रवेशाने उघडते, आणि पद रंगले की ‘वन्स मोअर’ येतो. समोर प्रेक्षक नसलेल्या स्टुडिओत सूत्रधाराने कोणाकडे पाहावे आणि पदाची पुनरावृत्ती कोणाच्या मागणीवरून करावी, हे मंडळाने तालमीत प्रत्यक्ष करून ठरवावे. वहीगायन हा खान्देशी लोकगायनाचा प्रकार सादर करणारा कलावंत जवळपास असेल, तर त्याला या चर्चेला अवश्य बोलवावे. समोरच्या श्रोत्यांचा प्रतिसाद घेत गाणे पुढे कसे न्यायचे, हे तो अनुभवातून सांगू शकेल.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्राची जुनी मराठी नाट्यमुद्रणे मिळाल्यास त्यांनाही हीच पद्धत लावावी. सत्र शक्यतो संध्याकाळी ठेवावे, कारण खान्देशच्या उन्हाळ्यात दुपारी दारे-खिडक्या लावून सभागृहात बसणे अवघड जाते. एका बैठकीत एकच नाटक घ्यावे आणि चर्चेनंतर त्यातील एक पद मंडळातील गायकाकडून प्रथम प्रेक्षकांसमोर, नंतर केवळ कॅमेऱ्यासमोर गाऊन घ्यावे. साधा मोबाइलही या चित्रीकरणाला पुरतो.