बाहेरून पीआर आली की या चुका टाळा

आम्ही चार-पाच जण मिळून गोव्यातल्या बसच्या वेळा एका जागी आणणारा छोटा ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवतो, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि कोणीही त्यात बदल सुचवू शकतो; त्या सुचवलेल्या बदलालाच पीआर (पुल रिक्वेस्ट) म्हणतात. कोड फार नाही, पण बाहेरच्या माणसांशिवाय तो चालूच शकत नाही, कारण पेडण्याच्या स्टँडवरून सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते हे पेडण्याच्या माणसालाच ठाऊक. म्हणून नवीन माणूस येऊन निघून गेला की जिवाला लागतं, आणि असे बरेच जण आमच्याच चुकांमुळे गेलेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गप्प बसणं. गणेशचवथीच्या दोन दिवस आधी फोंड्याच्या एका इंजिनीअरिंगच्या पोराने पीआर टाकली, स्टॉपच्या नावांची. आमच्या डेटात बिचोलिम, सँकेलिम असं इंग्रजी पाट्यांवरून उचललेलं होतं, त्याने डिचोली, साखळी केलं, आणि जुनं नाव टाकून शोधलं तरी स्टॉप सापडेल अशी सोयही ठेवली. इतकं विचार करून केलेलं काम, आणि आम्ही सगळे आपापल्या गावी गणपतीवरची माटोळी बांधण्यात, मग परत आल्यावर नोकरीची कामं, तीन आठवड्यांनी बघतो तर त्याने पीआर स्वतःच बंद केलेली, एक शब्दही न लिहिता. मी माफी मागून लिहिलं, पण तो परत आला नाही. तेव्हापासून आम्ही पाळी लावलीय, दर आठवड्याला एक जण फक्त उत्तर देणार. रिव्ह्यू नंतर झाला तरी चालेल, पण दोन दिवसांत दोन ओळी गेल्याच पाहिजेत, बघितलं, अमक्या दिवसापर्यंत सांगतो. सगळे सुट्टीवर असाल तर तसं रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत, वरच लिहून ठेवा.

दुसरी चूक पटकन दिसत नाही. गिटहबवर (जिथे कोड ठेवतात ती साइट) फोर्कमधून, म्हणजे बाहेरच्याने केलेल्या कोडच्या स्वतःच्या प्रतीतून, आलेल्या पीआरवर आपोआप चालणाऱ्या टेस्टना तुमच्या रेपोतले (कोडच्या मूळ साठ्यातले) सीक्रेट्स, म्हणजे गुप्त किल्ल्या, मिळत नाहीत, कोणी त्या पळवू नये म्हणून ते मुद्दामच तसं ठेवलंय. आमच्या टेस्टना मॅपची अशी एक किल्ली (एपीआय की) लागायची, ती नाही म्हटल्यावर लाल फुली, आणि नवख्या माणसाला वाटणार आपणच काहीतरी मोडलं. एका मुलीने तर आपला बरोबर असलेला कोड तीनदा बदलून बघितला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. उपाय सोपा आहे, किल्ली लागणाऱ्या टेस्ट वेगळ्या काढा आणि फोर्कवरून आलं तर त्या वगळा, बाकीच्यांना नमुन्याचा डेटा द्या. पण शॉर्टकट म्हणून पुल-रिक्वेस्ट-टार्गेट ट्रिगर (टेस्ट कधी सुरू व्हायच्या ते ठरवणारी सेटिंग) लावून त्यात पीआरचा कोड चालवू नका, तो ट्रिगर सीक्रेट्ससकट चालतो, म्हणजे अनोळखी कोडच्या हातात किल्ल्याच दिल्यासारखं. आणि २०२१ पासून पहिल्यांदाच येणाऱ्याच्या पीआरवर पब्लिक रेपोत वर्कफ्लो (या टेस्ट चालवणारी यंत्रणा) आपोआप सुरू होत नाही, मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, बटण दाबावं लागतं. तेही कळवा, नाहीतर बिचारा वाट बघत बसतो.

पीआरमध्ये बदल दोन ओळींचा आणि डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवतात तिथे) अख्खी फाइल लाल-हिरवी? बहुतेक वेळा विंडोजच्या लाइन एंडिंगचा, म्हणजे ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणेचा, घोळ असतो. माणसाला ओरडू नका, रेपोत गिटॲट्रिब्यूट्स फाइल टाकून टेक्स्ट ऑटो करा, एकदा सगळ्या फाइलींतल्या खुणा एकसारख्या करून (रीनॉर्मलाइझ) कमिट करा, म्हणजे बदल नोंदवा, प्रश्न मिटला.

एक चूक मात्र मला चूक नाही, अन्यायच वाटतो. पीआर थोडी कच्ची आहे म्हणून बंद करायची आणि तेच काम स्वतः लिहून स्वतःच्या नावावर कमिट करायचं. असं करू नका हो. पीआर पाठवणाऱ्याने मेंटेनरला एडिटची परवानगी दिली असेल, बहुतेकांची असते, तर त्याच्याच ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) उरलेलं पूर्ण करा, आणि वेगळं लिहावंच लागलं तर कमिटच्या शेवटी को-ऑथर्ड-बाय ओळीत त्याचं नाव घाला. शिकणाऱ्या पोराला नाव दिसणं फार मोठं असतं.

याचा अर्थ सगळंच मर्ज करा, म्हणजे मूळ कोडमध्ये घ्या, असा नाही. हॅक्टोबरफेस्ट म्हणून ऑक्टोबरातला उपक्रम आहे, ओपन सोर्सला पीआर पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा; २०२० मध्ये त्या टी-शर्टसाठी रीडमीत एखादा शब्द घालून पाठवलेल्या इतक्या पीआर आल्या की आयोजकांना मध्येच नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टला हवं त्यानेच भाग घ्यायचा असा. नको असेल ते पहिल्याच दिवशी कारण देऊन नको म्हणा, महिनाभर झुलवू नका.

आणि स्वागत करताना किल्ल्या लगेच देऊ नका. एक्सझेडचं, म्हणजे लिनक्समध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचं, प्रकरण आठवा. एकटा दमलेला मेंटेनर, त्याच्यावर अनोळखी अकाउंट्सचा दबाव, आणि दोन वर्षांहून जास्त काळ नीट काम करून विश्वास मिळवलेला एक सहकारी, ज्याने शेवटी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर (चोरदरवाजा) घातलं. मार्च २०२४ मध्ये ते सापडलं ते एका इंजिनीअरला एसएसएच लॉगिन (दुरून दुसऱ्या संगणकावर शिरणं) अर्ध्या सेकंदाने हळू वाटलं म्हणून. आमच्याकडे आता आधी इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) नीट लावायचा हक्क, मग रिव्ह्यूचा, मग मर्जचा, आणि रिलीज दोघांनी बघितल्याशिवाय जात नाही, मग तो माणूस किती का जुना असेना.