खासगी विद्यापीठ बघायला निघालात? आधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाभोवती पालक जमायला लागतात. मी बार्शीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. गेली अकरा वर्षं निकालानंतरचा दीड महिना माझा ॲडमिशनचे कागद वाचण्यात जातो. पूर्वी प्रश्न असायचा, पुणे की सोलापूर? आता हातात जाडजूड माहितीपत्रक असतं आणि प्रश्न असतो, "सर, ही प्रायव्हेट युनिव्हर्सिटी कशी आहे?"

खासगी विद्यापीठांबद्दल माझ्या मनात अढी नाही. डिझाइन, लिबरल आर्ट्स, इंजिनिअरिंगसोबत मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्राचा मायनर (म्हणजे जोडीला घेतलेला दुसरा विषय), असं बरंच काही तिथं मिळतं जे आपल्या जवळच्या कॉलेजात मिळत नाही. माझ्या हाताखालून गेलेली काही पोरं तिथं शिकून छान मार्गी लागली आहेत. पण दरवर्षी त्याच चुका होतात, आणि त्याचे पैसे बापाच्या खिशातून जातात. म्हणून हे लिहितोय.

एका गेटच्या आत एकच संस्था आहे असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पुणे, नाशिक, कोल्हापूर या भागांत कितीतरी शिक्षणसमूहांच्या एकाच आवारात दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. एक जुनं कॉलेज, सरकारी विद्यापीठाशी संलग्न, ज्याचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून होतात. आणि शेजारच्या नव्या इमारतीत त्याच समूहाचं स्वतःचं विद्यापीठ, विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेलं, ज्याचा अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी सगळं आपलं आपलं. समूहाचं नाव एकच, बसचा रंग एकच, कधीकधी चौकशीची खिडकीसुद्धा एकच. पालकाला फरक कळणार कसा?

2024 च्या जुलैमधली गोष्ट. वैराग भागातले एक शेतकरी, त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, पीसीएमला चांगले मार्क. 8 जुलैला शासनाचा जीआर निघाला होता. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत. गावागावांत एकच वाक्य पोचलं, मुलींचं शिक्षण मोफत झालं. हे काका लेकीला घेऊन थेट एका मोठ्या कॅम्पसला गेले. खिडकीवर विचारलं, "इथं मुलींना फी माफी आहे का?" समोरचा म्हणाला, "हो, आमच्याकडे योजना लागू आहे." तो खोटं बोलला नाही. शेजारच्या कॉलेजात कॅपमधून येणाऱ्या मुलींना ती लागू होतीच. पण काकांनी पन्नास हजार भरले ते विद्यापीठाच्या थेट प्रवेशासाठी. आणि त्याच जीआरमध्ये कंसात लिहिलं होतं की खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. म्हणजे असं समूहाचं स्वतःचं विद्यापीठ या सवलतीत नाही.

चार दिवसांनी मला फोन. "सर, उरलेले दीड लाख भरा म्हणून मेसेज आलाय. फी तर माफ आहे ना?" मी म्हटलं, काका, पावतीचा फोटो पाठवा. फोटो आला, मी तो मोठा करून बघितला. वर ठळक अक्षरांत समूहाचं नाव, आणि त्याखाली बारीक टायपात ‘विद्यापीठ’. कॉलेजचं नाव कुठंही नाही, डीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण संचालनालयाचा कोड नाही. त्या एका शब्दानं तिचा चार वर्षांचा हिशोब बदलला होता.

नशीब असं की मुलीनं कॅपची नोंदणी आधीच करून ठेवली होती, फक्त ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरायचा राहिला होता. त्या रात्री आम्ही तिघं साडेदहापर्यंत सायबर कॅफेत बसून चॉईस कोड टाकत होतो. तिला सोलापूरला सीट मिळाली, सवलतीसकट.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली आहे. कोणी कॅम्पसचं कौतुक सांगायला लागलं की आधी थांबवतो आणि विचारतो, "पदवीवर नाव कुणाचं येणार? आणि प्रवेश कॅपमधून की थेट?" या दोनांची उत्तरं कागदावर मिळाल्याशिवाय एक रुपया भरू देत नाही. तोंडी उत्तर मी उत्तर धरत नाही. योजना कुठलीही असो, तिच्या जीआरमधल्या ‘वगळून’ या शब्दाच्या मागेपुढे काय लिहिलंय ते आधी वाचावं.

‘आज सीट बुक करा, उद्या राहणार नाही’ याला भुलणं

त्या पन्नास हजारांचं काय झालं तेही सांगतो. ऑफिसनं आधी ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणून हात झटकले. शिवाय मुलीची ओरिजिनल मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याच फाईलमध्ये.

ऑक्टोबर 2018 ची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची अधिसूचना याबाबत अगदी स्पष्ट आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, प्रक्रिया खर्च म्हणून फार तर भरलेल्या रकमेच्या पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या वर नाही. त्या तारखेला पंधरापेक्षा कमी दिवस उरले असतील तर 90 टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत 80 टक्के, पुढच्या पंधरा दिवसांत 50 टक्के, आणि तीस दिवस उलटले की काही नाही. मूळ कागदपत्रं तपासून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत, हेही तिथंच लिहिलंय. आम्ही या अधिसूचनेचा उल्लेख करून ईमेल केला, फोनवर भांडत बसलो नाही. अडीच हजार कापून बाकी पैसे आले. दाखल्यासाठी मात्र काकांना दोन हेलपाटे पडले.

घाई करणाऱ्या पालकांवर मी रागावतो, ते यासाठीच. चार वर्षांचा निर्णय ‘आजच्या आज’ घ्यायला लावणाऱ्यावर विश्वास टाकू नये. एजंटमार्फत तर मुळीच जाऊ नका. ओळखीतला असला तरी नको. काहीही भरण्याआधी शेवटची तारीख कोणती हे लेखी घ्या, कारण परताव्याचा सगळा हिशोब त्या तारखेपासून चालतो. आणि ओरिजिनल दाखवायचे असतात, द्यायचे नसतात.

हायएस्ट पॅकेजच्या फ्लेक्सवर जाणं

एका पोराला चाळीस लाखांचं पॅकेज मिळालं तर त्याचं अभिनंदन. पण तुमच्या मुलाला काय मिळेल हे त्यावरून कळत नाही. सरासरीवरूनही कळत नाही, कारण दोन-तीन मोठे आकडे सरासरी वर ओढतात. बघायचं असतं ते मध्यक वेतन. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर अगदी मधल्या मुलाला किती मिळतात, ते.

ते शोधायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘एनआयआरएफ’ असं लिहिलेलं असतं, त्यावर दाबलं की पीडीएफ उघडते. तिच्यात एका ओळीत सगळं असतं. पहिल्या वर्षाच्या मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या मुदतीत पास झालेले, नोकरी लागलेले, मध्यक वेतन, उच्च शिक्षणाला गेलेले. मी प्रिंट काढतो आणि पेन्सिलनं गोल करतो. समजा 240 जागा, प्रवेश 150, वेळेत पास 110, नोकरी 55. फ्लेक्सवर मात्र ‘95 टक्के प्लेसमेंट’. मग विचारा, 95 टक्के कुणाचे? बऱ्याचदा उत्तर येतं, ‘पात्र आणि इच्छुक’ विद्यार्थ्यांचे. पात्र कोण हे प्लेसमेंट सेल ठरवतं.

भाग घेतच नाही असं सांगणारं विद्यापीठ वाईटच असतं असं नाही, नवी असतात काही. पण मग शेवटच्या वर्षाच्या चार मुलांशी मी स्वतः बोललो पाहिजे, एवढं माझं म्हणणं असतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

‘12बी नाही म्हणजे बोगस’ असं घाबरून जाऊ नका. यूजीसी कायद्याच्या कलम 2(एफ) खालच्या यादीत नाव असणं म्हणजे पदवी देण्याचा अधिकार. 12(बी) चा संबंध अनुदानाशी, आणि बहुतेक खासगी विद्यापीठं त्यात नसतातच.

पण 2(एफ) ची यादी बघायचा कंटाळा मात्र करू नका. छत्तीसगडच्या 2002 च्या कायद्याखाली एका वर्षात शंभराहून जास्त खासगी विद्यापीठं निघाली, कित्येकांना धड इमारत नव्हती. यूजीसीचे माजी अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या कायद्यातली मूळ तरतूदच रद्द केली. तोवर मुलं प्रवेश घेऊन बसली होती. यूजीसीच्या वेबसाइटवर खऱ्यांची यादी आहे आणि बोगसांचीही. दोन्ही बघायला पाच मिनिटं लागतात.

नॅकची, म्हणजे शिक्षणसंस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या परिषदेची श्रेणी कुणाची ते बघा. किमान सहा वर्षं झाल्याशिवाय किंवा दोन तुकड्या पास होऊन बाहेर पडल्याशिवाय संस्थेला नॅककडे जाताच येत नाही. तीन वर्षांच्या विद्यापीठाच्या पत्रकावर ए प्लस दिसलं तर ते बहुधा शेजारच्या कॉलेजचं असतं.

लॉ असेल तर बार कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, आर्किटेक्चरला वास्तुकला परिषद. त्या वर्षाची, त्या कोर्सची मान्यता. विद्यापीठाची मान्यता वेगळी, कोर्सची वेगळी.

कर्ज काढणार असाल तर नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत संस्था आहे का ते बँकेत जाण्याआधी तपासा. त्यात हमीदार आणि तारण लागत नाही, पण यादी निवडक संस्थांचीच आहे.

ओपन डेच्या दिवशी जाऊन परत येणं

ओपन डेला सगळं छानच असतं. स्वागताला ढोल, एसी सभागृह, व्हीआरचा चष्मा. मी पालकांना सांगतो, एखाद्या साध्या मंगळवारी जा, न कळवता, अकराच्या सुमाराला. मेसमध्ये जेवा. लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते ते दारावरच्या वेळापत्रकात वाचा. लॅबमध्ये एका यंत्राशी किती मुलं उभी आहेत ते मोजा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, "पत्रकात लिहिलेला मायनर खरंच मिळतो का?" गेल्या वर्षी एका पोरीनं खरं ते सांगितलं. यादीत अठरा इलेक्टिव्ह (निवडीचे विषय) होते, पण शिक्षक नसल्यामुळे त्या सत्रात पाचच सुरू होते. आमच्या विद्यार्थ्याला हवा असलेला रोबोटिक्स त्या पाचांत नव्हता.

प्रवेश झाल्यावर याच्या उलट चूक मुलं करतात. लाखांनी फी भरतात आणि वर्ग ते हॉस्टेल एवढंच करतात. इनक्युबेशन सेंटर, समुपदेशक, परदेशी विद्यापीठाबरोबरची सत्र-अदलाबदल, लेखन केंद्र, शिक्षकांचे ऑफिस अवर्स, या सगळ्याचे पैसे फीमध्ये धरलेले असतात. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यातलं एक काम देतो. विद्यार्थी हँडबुक पूर्ण वाचायचं, आणि त्यातल्या ज्या तीन सोयी वापरायच्या आहेत तिथं स्वतः जाऊन नाव नोंदवून यायचं. काम झालं की मला फोटो पाठवायचा. या वर्षी बारा जण गेले, आतापर्यंत सात जणांचे फोटो आलेत. उरलेल्या पाच जणांना येत्या रविवारी फोन करणार आहे.