रिकॉलचा पार्ट येईपर्यंत इंजिन सांभाळा

गाडी रिकॉलमध्ये, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्यांत, आहे का, हे शोरूमच्या फोनची वाट न बघता स्वतः तपासा. आरसीवरचा 17 अक्षरी चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. नंबर यादीत निघाला तर दुरुस्ती मोफत असते, वॉरंटी संपली असली तरी.

‘पार्ट आला की कळवतो’ हे तोंडी उत्तर घेऊन परतू नका. जॉब कार्ड (सर्व्हिस सेंटरची दुरुस्तीची लेखी नोंद) उघडून घ्या, त्यावर रिकॉलचा उल्लेख, तक्रार, किलोमीटर आणि तारीख हवी. पार्ट कधी मागवला आणि तोवर गाडी चालवावी का, ही दोन उत्तरं ईमेलवर घ्या. चालवू नका म्हणाले तर पर्यायी गाडी लेखी मागा.

डिझेल एसयूव्ही असेल तर दर रविवारी डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी काडी) बघा. सपाट जागा, थंड इंजिन. काडी पुसून पुन्हा घाला, मग खूण वाचा. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर बहुधा डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, चालत्या गाडीत आपोआप होणारी सफाई अर्धवट राहतेय. मुंबईत सायन-कुर्ल्याच्या ट्रॅफिकच्या रांगेत ती पूर्ण होतच नाही. या सफाईसाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग झिजतात. फक्त डीपीएफचा दिवा लागला असेल तर ईस्टर्न फ्रीवेवर 60 च्या वेगाने 15-20 मिनिटं चालवा. ऑइल काडीवरच्या कमाल खुणेच्या वर असेल तर मात्र आधी ऑइल बदला. लाल ऑइल दिवा लागला तर तिथेच बंद करून टो करा.

दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. जॉब कार्ड आणि डिपस्टिकचे तारखेसह फोटो जोडा.